मधुमेह: डबीतली खनिजे आणि ताटातली खनिजे

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत जेवणाचे डबे उघडले, की हल्ली त्यांच्याबरोबर औषधांच्या डब्याही उघडतात. कोणी जेवणाआधीची गोळी घेतो, कोणी बिनसाखरेचा चहा मागवतो. एखाद्या डबीवर 'जस्त, क्रोमियम, मॅग्नेशियम व सेलेनियमयुक्त' असे छापलेले असते. "हे औषध नाही हो, यात नुसती खनिजे आहेत. साखर आपोआप उतरते," असे सांगणारे सहकारीही भेटतात. मग हळूच पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे आता डॉक्टरांची गोळी कमी केली तर चालेल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांत आपले सहकारी आहेत, आपल्या विद्यार्थ्यांचे आईवडील आहेत. पुष्कळदा घरातले लोक असा प्रश्न शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकालाच आधी विचारतात, डॉक्टरांची पाळी नंतर येते.

उत्तर देण्यापूर्वी या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करून घेऊ. मधुमेहाचा आणि खनिजांचा संबंध आहे का? एखाद्या खनिजाची कमतरता असेल तर मधुमेह बिघडतो का? आणि कमतरता नसताना ते खनिज वरून घेतले तर मधुमेह सुधारतो का? या तिन्हींची उत्तरे एकसारखी नाहीत. पहिल्या प्रश्नाचे 'होय' हे उत्तर तिसऱ्या प्रश्नालाही लावून टाकले, की डबीचा खप वाढतो.

जस्त: इन्सुलिनचे गाठोडे

आपण खाल्लेल्या भाकरीतील, भातातील पिष्टाची आतड्यात ग्लुकोज ही साखर होते आणि ती रक्तात उतरते. ती पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक सोडतात. इन्सुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह.

बीटा पेशी इन्सुलिन तयार करून साठवून ठेवतात. ते साठवण्याची रीत मोठी सुबक आहे. इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती एकत्र येतात आणि त्यांचे एक घट्ट गाठोडे बनते. जेवण झाले, की ही गाठोडी रक्तात सोडली जातात. तेथे ती सुटतात आणि सुटा झालेला एकेक रेणू कामाला लागतो. म्हणूनच बीटा पेशींत जस्ताचे प्रमाण फार मोठे असते.

हे कळायला बराच काळ लागला. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. त्याचे चांगले स्फटिक मिळण्यासाठी जस्त लागते, हे त्याच शहरातील डी. ए. स्कॉट यांनी १९३४ साली दाखवले. दोनच वर्षांत त्याचा उपयोग औषधात झाला. प्रोटामिन हे प्रथिन आणि जस्त मिसळलेले इन्सुलिन टोचले, तर ते त्वचेखालून सावकाश सुटते आणि दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागत नाही. इंग्लंडमध्ये डोरोथी हॉजकिन यांनी १९३५ साली इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले. मात्र रेणूची संपूर्ण रचना उलगडायला १९६९ साल उजाडले. त्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. जस्ताचा आणि इन्सुलिनचा संबंध घट्ट आहे. मग जास्त जस्त घेतले, की जास्त इन्सुलिन? तर्क सरळ वाटतो, पण शरीर इतके सरळ चालत नाही. बीटा पेशीत इन्सुलिनच्या साठ्यात जस्त ओढणारे एक प्रथिन असते. ज्यांच्यात या प्रथिनाचे एक जनुक जन्मतःच निकामी आहे, अशा लोकांना मधुमेह जास्त व्हायला हवा, असेच कोणीही म्हणेल. सुमारे दीड लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमके उलटे दिसले. अशा लोकांना मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी कमी होता! याचे नेमके कारण शोधण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. आपल्यापुरता बोध असा, की एखादा घटक यंत्रात आवश्यक आहे एवढ्यावरून तो जास्त ओतला तर यंत्र जास्त चांगले चालेल, असे ठरत नाही.

शिवाय जस्ताचा अतिरेक फुकट होत नाही. दीर्घकाळ फार जस्त घेतले, तर आतड्यातून तांबे शोषले जाणे कमी होते आणि त्यामुळे रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार उद्भवू शकतात.

मॅग्नेशियम: मूत्रावाटे होणारी गळती

पेशीत ग्लुकोज शिरल्यावर तिच्यावर पहिली रासायनिक प्रक्रिया होते, ती एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या मदतीने. पण एटीपी एकटा काम करीत नाही. त्याला मॅग्नेशियमचा आयन चिकटलेला असावा लागतो. इन्सुलिन पेशीच्या दाराशी आले, हा निरोप आत पोहोचवणाऱ्या विकरालाही मॅग्नेशियम लागते. म्हणजे इन्सुलिनने दार ठोठावले तरी आत मॅग्नेशियम पुरेसे नसेल, तर दाद मिळायला उशीर लागतो.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. रक्तातील साखर फार वाढली, की ती लघवीत उतरते, जास्त पाणी ओढून नेते आणि त्या पाण्याबरोबर मॅग्नेशियमही वाहून जाते. मॅग्नेशियम घटले, की इन्सुलिनचा परिणाम आणखी मंदावतो. मधुमेह दीर्घकाळ ताब्यात नसलेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी आढळते, ते यामुळे. काही लोक आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात, त्यांच्यातही ते कमी होऊ शकते. अशी कमतरता रक्ततपासणीत दिसली, तर डॉक्टर मॅग्नेशियम देतात आणि ते योग्यच असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे 'होय' असे मिळते.

आता एक प्रसिद्ध पाहणी घेऊ. अमेरिकेतील सव्वा लाखाहून अधिक परिचारिका व आरोग्य-व्यावसायिकांच्या आहाराची अनेक वर्षे नोंद ठेवण्यात आली. २००४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत असे दिसले, की ज्यांच्या आहारात मॅग्नेशियम सर्वांत जास्त होते, त्यांना मधुमेह होण्याचा धोका सर्वांत कमी मॅग्नेशियम घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता. डबीवरील जाहिरात हे वाक्य आनंदाने छापील. पण विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबून विचारायला हवे: या लोकांना मॅग्नेशियम मिळाले कशातून? मुख्यतः अख्खे धान्य, कठीण कवचाची फळे आणि हिरव्या भाज्यांतून. या पदार्थांत तंतुमय भागही असतो आणि साखर त्यांतून सावकाश सुटते. मग गुण मॅग्नेशियमचा, की ज्या अन्नातून ते आले त्या अन्नाचा? नुसत्या पाहणीवरून हे सांगता येत नाही. सहसंबंध आणि कारण यांतला फरक वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

क्रोमियमची चढती-उतरती कमान

डबीवरील तिसरे नाव क्रोमियमचे. त्याची कथा १९५९ साली सुरू झाली. अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मेर्ट्झ या शास्त्रज्ञांना असे आढळले, की विशिष्ट प्रकारच्या आहारावर वाढवलेल्या उंदरांची साखर नीट वापरली जात नाही आणि क्रोमियम दिले, की ती सुधारते. पुढे १९७७ साली टोरांटोतील एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. या रुग्णाला कित्येक वर्षे सर्व पोषण शिरेतूनच द्यावे लागत होते. वजन घटू लागले, हातापायांच्या मज्जा बिघडल्या, साखर वाढली. त्या द्रवात क्रोमियम मिसळल्यावर सुधारणा झाली. क्रोमियमचे नाव झाले ते यामुळे. चीनमधील १८० मधुमेहींवरील प्रयोगाने १९९७ साली त्यात भर घातली. क्रोमियम घेणाऱ्यांची साखर तेथे खरोखरच उतरली होती.

पण विज्ञानात एका प्रयोगाने निकाल लागत नाही, तोच प्रयोग दुसऱ्यांनी करून पाहायचा असतो. इतर देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत मुळीच नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ साली सर्व पुरावा तपासला आणि क्रोमियम हे माणसाला आवश्यक असल्याचा खात्रीलायक पुरावाच नाही, असे मत दिले. ज्या धातूची आवश्यकताच वादात सापडली आहे, तो आजही डब्यांवर ठळक अक्षरांत झळकतो!

सेलेनियमची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. त्वचेच्या कर्करोगाला आळा बसतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत सुमारे १,२०० लोकांना दोन गटांत विभागून एका गटाला रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळ हे लोक निरीक्षणाखाली होते. मधुमेहाच्या दृष्टीने ही आकडेवारी २००७ साली मांडली गेली, तेव्हा सेलेनियम घेणाऱ्या गटात ५८ जणांना नवा मधुमेह झालेला आढळला, तर दुसऱ्या गटात ३९ जणांना. म्हणजे ज्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून काही लोक हे खनिज घेतात, त्याचाच धोका वाढलेला दिसला.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: कमतरता नसलेल्या मधुमेहीला ही खनिजे वरून दिल्याने साखर भरवशाने ताब्यात राहते, असा पुरावा नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट अशा गोळ्या घेण्याची शिफारस नाही.

पुण्यात काय दिसले?

या प्रश्नाला आपल्या ताटाची बाजू आहे आणि त्यावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे.

आपल्याकडील शाकाहारी जेवण धान्य आणि कडधान्य यांच्यावर उभे असते. त्यांत जस्त, लोह, मॅग्नेशियम पुष्कळ असते, पण असते तितके सारेच अंगी लागत नाही. बियांत स्फुरदाचा साठा फायटेट या संयुगाच्या रूपात असतो. हे संयुग जस्ताला व लोहाला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यातून शोषू देत नाही. त्यामुळे जेवणात खनिज किती आहे, याबरोबरच त्यातले अंगी किती लागते, हेही पाहावे लागते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वैशाली आगटे, शशी चिपळोणकर, कीर्तन तरवडी यांनी नेमके हेच प्रश्न हाती घेतले. १९४६ साली स्थापन झालेल्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांचे नाव १९९२ साली धारण केलेल्या या संस्थेत आपल्या रोजच्या शाकाहारी जेवणातून खनिजे किती मिळू शकतात, याचे मोजमाप झाले. पारंपरिक स्वयंपाकात फायटेटचे विघटन कसे व किती होते, यावरील त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे या आपल्या घरच्या क्रियांना या विषयात मोल आहे. धान्य भिजले, की त्यातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटेटचे तुकडे करू लागते. हे तुकडे खनिजांना तितके घट्ट धरीत नाहीत. मटकीला मोड आणणारी आजी शास्त्राचा हा धडा नकळत रोज गिरवत होती.

दुसरे काम रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे. तेथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपली बाळे स्नायूंनी जितकी बारीक होती, तितकी चरबीने नव्हती. दिसायला हडकुळे, पण चरबी राखून असलेले असे हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकते, ही कल्पना या कामातून पुढे आली.

या अभ्यासाचा आहारविषयक भाग आघारकर संस्थेतील शोभा राव यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली मांडला. आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने खाल्ली, याच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी, म्हणजे जीवनसत्त्वे आणि खनिजे ज्यांत भरपूर असतात, त्या पदार्थांशी. मधुमेहाची तयारी पन्नाशीत होते असे आपण समजतो. येथे ती आईच्या ताटापासून सुरू होताना दिसते.

याच अभ्यासाने एक इशाराही दिला. यांतील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ब-१२ हे खनिज नव्हे, पण त्याच्या रेणूच्या गाभ्यात कोबाल्ट हा धातू असतो, म्हणून आमच्या विषयाचे ते शेजारीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. यावरून गरोदर स्त्रीने फोलिक आम्लाची गोळी सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये. बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी ती गोळी हवीच. बोध एवढाच, की पोषणद्रव्ये जोडीने आणि प्रमाणात काम करतात. एकाचाच हात धरून चालले, तर तोल जातो.

मोठ्या माणसांसाठीही येथे एक सूचना आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील चांगले आणि जुने औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. तळपाय बधिर झाले, की 'साखरेमुळे असेल' म्हणून आपण सोडून देतो. कधी कधी ती ब-१२ ची कमतरता असते आणि ती उपचारांनी सुधारते. तेव्हा ही तपासणी डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी.

लोह आणि तीन महिन्यांची साखर

लोहाचा मधुमेहाशी संबंध दुहेरी आहे. शरीरात लोह फार साचले, तर ते स्वादुपिंडाला इजा करते. आनुवंशिक लोहसंचयाच्या एका विकारात त्वचा काळपट होते आणि मधुमेह होतो. आपल्याकडे मात्र नेहमीची अडचण लोह कमी असण्याची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या.

याचा मधुमेहाच्या तपासणीशी काय संबंध? तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी आता सर्वांना माहीत आहे. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ६.५ टक्के किंवा अधिक आकडा मधुमेह दर्शवतो. पण लोह कमी असले, तर नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि साखर न वाढताही हा आकडा वर सरकू शकतो. लोहाचे उपचार सुरू झाले, की तो खाली येतो. याच्या उलट, ज्या विकारांत तांबड्या पेशी लवकर मरतात त्यांत आकडा खोटाच कमी दिसतो. विदर्भातील व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार हे त्याचे उदाहरण.

म्हणून रक्तक्षय असलेल्या एखाद्या शिक्षिकेचा एचबीए१सी सीमारेषेवर आला, तर तिने घाबरू नये आणि डबीही विकत आणू नये. हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना दाखवावे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासली, की खरी स्थिती कळते.

मिठातला फरक

खनिजांत मधुमेहीला सर्वांत जास्त जपायचे ते सोडियम. मधुमेहाबरोबर रक्तदाब बहुधा येतोच आणि दोघे मिळून मूत्रपिंडे खराब करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाकाठी सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. हे साधारण एक सपाट चहाचा चमचा होते, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, पाव यांतील मीठही धरलेले असते. सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच असते, म्हणून ते वाटेल तितके चालते असे नाही.

दुकानात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो. पण मधुमेहाने मूत्रपिंडे दुर्बळ झाली असतील, तर जादा पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही. रक्तात ते साचले, तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेतू शकते. रक्तदाबावरील काही औषधांनीही पोटॅशियम वाढते. तेव्हा असे मीठ घरात आणण्यापूर्वी क्रिएटिनिनचा अहवाल डॉक्टरांना दाखवावा. नारळपाण्यालाही हाच नियम लागू आहे.

मग ताटात काय?

२०२० च्या भारतीय शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ४४० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. जस्त पुरुषाला १७ आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची अन्नघटकांची सारणी पाहू. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे १४६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे, ज्वारीत १३३, गव्हाच्या कणकेत १२५, बाजरीत १२४. आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात फक्त १९. धान्याचा कोंडा निघून गेला, की खनिजे कोंड्याबरोबर जातात.

म्हणजे खनिजांचा विचार केला, तर भोगीचे जेवण आदर्श म्हणावे असेच आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वाल, पावटे, हरभरा, गाजर, वांगे घातलेली मिसळभाजी. त्याच्या अगदी उलट टोकाला साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट, खनिजे नावापुरती. चातुर्मासात उपवास करणाऱ्या मधुमेहीने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर साखर चढते आणि पदरात खनिजे काही पडत नाहीत. त्याऐवजी राजगिरा आणि थोडे शेंगदाणे बरे. मात्र एक गोष्ट विसरू नये. भाकरीतही पिष्ट असतेच. 'ज्वारी चालते' म्हणून दोनाच्या चार भाकऱ्या केल्या, तर साखर वाढणारच. आणि औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

वर्गात करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट असतेच. त्याचे चिमूटभर स्फटिक पाण्यात विरघळवून तीन परीक्षानळ्यांत घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत आणि तिसरीत गार झालेला कोरा चहा घाला. द्रव काळा पडेल. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तीच ही क्रिया. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते. आता तिसरीत लिंबाचा रस पिळा. काळेपणा फिका होतो, कारण लिंबातील आम्ल लोहाला टॅनिनच्या पकडीतून सोडवते. हा द्रव चाखू नये, हे मुलांना आधीच बजावा. मग विचारा: जेवणानंतर लगेच चहा घ्यावा का? आणि मोडाच्या उसळीवर लिंबू का पिळतात? परीक्षानळी म्हणजे आतडे नव्हे, हेही सांगावे, पण दिशा मुलांना कळते.

दुसरा प्रयोग घरचा. एका घरात मिठाची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते आणि जेवणारी माणसे किती, हे प्रत्येक मुलाने टिपून आणावे. भागाकार केला, की माणशी रोजचे मीठ निघते. त्यात लोणचे-पापडाचे मीठ मिळवायचे राहते, हेही मुलेच सांगतील. फळ्यावर ही आकडेवारी मांडली, की ५ ग्रॅमच्या आत किती घरे बसतात ते दिसेल. तो तक्ता मुले घरी नेतात, आणि आईवडील तो नक्की पाहतात.

शेवटी

शिक्षकखोलीतल्या त्या सहकाऱ्याला आता काय सांगायचे? खनिजांवाचून इन्सुलिनचे चालत नाही, हे खरे. कमतरता असेल, तर ती तपासून भरून काढावी, हेही खरे. पण कमतरता न तपासता घेतलेली डबी डॉक्टरांच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. गोळी थांबवल्यावर साखर चढते, तेव्हा पहिले काही महिने काहीच दुखत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या मज्जा मात्र त्याच काळात बिघडत असतात. म्हणून औषध चालू ठेवावे, डबीवर खर्च होणारे पैसे मंडईत न्यावेत आणि मेथी, तीळ, मटकी, नाचणी घेऊन यावे. आणि ती डबी आधीच घेतली असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना बरोबर न्यावी. आपण काय काय घेतो हे डॉक्टरांना माहीत असणे, ही उपचारांची पहिली पायरी आहे.